गिरणीवरचा वर्ग

रामबागेत, पिठाच्या गिरणीच्या वर,
दर रविवारी आठ ते साडेनऊ.
'वर' हे शब्दयोगी अव्यय, बाई म्हणाल्या,
एकटं उभं राहत नाही,
त्याला खाली काहीतरी लागतं.
आमच्या खाली चक्की होती.
फळा थरथरायचा.
वह्या, भुवया, पोह्यांचे द्रोण,
सगळ्यावर गव्हाची पांढरी साय.

बाईंचं आडनाव मुंगी.
पहिल्या दिवशी आम्ही हसलो.
हसणं संपेपर्यंत त्यांनी खडू शोधला
आणि लिहिलं:
मुंगी – सामान्यनाम.
मुंगी बाई – विशेषनाम.
"फरक काय?"
"एक साखर खाते," दिघ्यांचा पुष्कर म्हणाला.
"दुसरीला डॉक्टरनी बंद केलीय," बाई म्हणाल्या.
"चला, सर्वनाम."

शाळा आमची हिंदी,
तिथे नामाला संज्ञा म्हणतात.
मी वहीत तेच लिहिलं. त्यांनी खोडलं नाही,
कडेला बारीक अक्षरात:
मराठीत संज्ञा हरपते.
नाव ठेवतात, काढतात, बुडवतात.
नावं ठेवतात, ती वेगळी.

नपुंसकलिंग काही केल्या येईना.
तो झाला, ती झाली, तिसरं कशाला?
'घर मोठा आहे.' 'पुस्तक फाटली.'
बाईंनी खिडकीतून खाली बोट दाखवलं.
ते पीठ. ते जातं. ते पोतं.
ते मूल,
त्याचं अजून ठरायचं असतं म्हणून.
तेव्हापासून मला 'ते' आवडू लागलं,
कुणी हाक मारायच्या आतलं, मोकळं.

गिरणीवाल्यांचा लखन जिन्यात बसायचा.
मराठी त्याच्या घरी नव्हती,
फीचं तर नावच नको.
मी यमाताराजभा घोकायची,
तो पट्ट्याच्या ठेक्यावर मान हलवायचा.
"तुझं नाव मोज रे," बाई म्हणाल्या.
ल. ख. न.
"तीनही लघू. नगण.
सगळ्या गणांत उचलायला हलका."
लखन दिवसभर पोती उचलायचा,
त्याला ते फारच आवडलं.
मग मी. मंजिरी: गुरू, लघू, गुरू.
"दोन पलडे," तो जिन्यातूनच म्हणाला,
"और बीच में काँटा."
उपमेची व्याख्या आम्हांला पाठ होती,
उदाहरण द्यायचं राहून गेलं होतं.

यती मात्र कळत नव्हती.
चरणात कुठे थांबायचं, का थांबायचं,
बाई सांगतच होत्या
आणि लाइट गेली.
पट्टा दोन-चार हेलकावे घेऊन निजला.
फळा स्थिर झाला, पहिल्यांदाच.
गल्लीत कुणीतरी, "भिया, फाटक खोल!"
कुणाच्या तरी घरी कुकर.
आम्ही श्वाससुद्धा जपून घेतला.
मग बाई, हळूच:
"ही."

बारावीनंतर पुण्याला निघाले.
शेवटच्या निबंधात लिहून गेले:
मी उद्या जाऊन राहिले.
लिहिलं आणि जीभ चावली,
हे असलं तिकडे बोलले तर हसतील.
बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं,
वाक्याकडे बघत बसल्या,
टोपण परत लावलं.
"चूक म्हणतील. म्हणू देत.
पण बघ, जाणं आणि राहणं
एकाच क्रियापदात कुठे मिळतं?
दोनशे वर्षं आपण इंदुरात
हेच तर करून राहिलो."

आता माझी मराठी स्वच्छ आहे.
'जातेय' म्हणते, 'करतेय' म्हणते,
दुकानदार 'मॅडम, मूळचे कुठले?' विचारत नाहीत.
बाईंचा नंबर लागत नाही, कधीचा.
लखनचा लागतो. गिरणी आता त्याची.
दिवाळीच्या आसपास फोन करतो,
जिन्यात वेचलेल्या मराठीत विचारतो,
"मंजिरी, कधी येऊन राहिली?"
मागे पट्टा ऐकू येत असतो.
"येऊन राहिले," मी म्हणते.
बहुतेक तेवढ्यात तिकडची लाइट जाते.
पट्टा थांबतो.
आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.